तिसरं तोंड नको

माझा नातू आणि नातसून नाशिकला एका बाईंकडे जातात. त्या बाई दोघांना समोरासमोर बसवतात, बोलायला लावतात आणि आपण ऐकतात. घरात कुणाला कळू द्यायचं नाही, या बोलीवर नातसुनेने मला हे सांगितलं. सांगताना बिचारी घाबरली होती. म्हणाली, "आजी, तुम्हाला हसू येईल, नवरा-बायकोचं भांडण मिटवायला परक्याकडे जायचं म्हणजे..." मी म्हटलं, हसू कसलं आलंय त्यात? मी स्वतः गेले होते. तुझ्या आजेसासऱ्यांना घेऊन गेले होते. नसते गेले, तर तुझा नवराही नसता आणि तू आत्ता माझ्यापुढे नाक पुसत बसलीही नसतीस.

मग तिने हट्टच धरला, की लिहून काढा. मी शाळेत फारशी गेले नाही, लिहायला उशिरा शिकले, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आहे. पण आठवण सरळ आहे. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. लिहिताना हाताला शाळेची मराठी येते, तरी काही बोलणी कानात जशीच्या तशी आहेत, ती तशीच लिहिते.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. आम्ही सगळे पश्चिम खानदेशातले. राज्य इंग्रजांचं, आणि जगाची दुसरी मोठी लढाई अजून पेटायची होती. माझं माहेर कोरीटचं. सासर तापीच्या पलीकडे, शहाद्याच्या अंगाला, ऐन काठावरच्या गावात. कापूस, केळी, थोडी मिरची. घर खाऊनपिऊन सुखी, माणसं भरपूर, आणि चालीरीतींना घट्ट. इतकी घट्ट की श्वास कोंडावा.

आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही. आणि वडीलधारं माणूस नाही असा कोपरा त्या घरात होता कुठे? माझी नणंद मध्ये उभी असायची. मी तिला म्हणायचे, "तुमच्या भावाला विचारा, भाकर शेतात पाठवू का?" तिचा भाऊ, म्हणजे माझा घरधनी, दोन हातांच्या अंतरावर उभा! तो बहिणीला सांगायचा, "म्हणावं, पाठव." मग नणंद माझ्याकडे वळून म्हणायची, "पाठव." असा आमचा संसार. आता हसू येतं, तेव्हा त्यात काही वावगं वाटत नसे. सगळ्यांचं असंच चालायचं.

दुसरी चाल त्याहून वाईट. बापाने आपलं पोर थोरामोठ्यांसमोर उचलायचं नाही. आजोबाने उचलावं, काकाने उचलावं, शेतावरच्या सालदार गड्याने खांद्यावर घेऊन गावभर हिंडवावं, कुणी काही म्हणणार नाही. बापाने उचललं, की म्हणायचे, "लाज सोडली याने." माझा पहिला मुलगा चालायला लागला, तेव्हा तो ओट्यावरून धडपडत बापाच्या पायाला मिठी मारायला जायचा. बाप आपला खांबासारखा उभा. सासरे खाटेवर बसलेले असायचे ना! मला वाईट वाटायचं, पण मी गप्प बसायचे.

भादव्यात तो तापला. ताप आणि वर दम. सगळं घर जागं, सगळ्यांचे उपाय, कुणी अंगारा लावतंय, कुणी ओव्याचा शेक देतंय. सकाळी त्याचे डोळे फिरायला लागले तशी मी घाबरले. माजघराच्या दारात घरधनी उभे होते. मी रीतभात विसरले. पोर दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं आणि सरळ त्यांनाच म्हटलं, "घ्या ना याला जरा!" ओट्यावर सासरे बसले होते. घरधन्यांनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून निघून गेले. दुपारी लेकरू गेलं. ते शहाद्याहून वैद्य घेऊन परतले तोवर सगळं संपलं होतं.

लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. बायका तिकडे जात नाहीत. माझ्या मांडीवरून कुणीतरी त्याला उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि बाहेर नेलं, एवढंच मला ठाऊक. कुठे नेलं हे कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती.

त्यानंतर त्या फिरलेल्या पाठीशिवाय मला काही दिसेनाच. जेवताना तीच, पाणी भरताना तीच. हे माणूस आहे की धोंडा, असं वाटायचं. नणंदेकरवी होणारं बोलणंही मी बंद केलं. भाऊ मला न्यायला आला, तशी मी निघाले. गाव सोडताना घरधनी वेशीजवळच्या विहिरीवर बैलांना पाणी पाजत उभे होते. माझा पदर नाकापर्यंत होता, तो मी वर केला नाही. सासऱ्याच्या गावातून सून जाते ती अशीच जाते. मी काही वेगळं केलं नव्हतं.

आता पुढची गंमत ऐका. गंमत म्हणजे कपाळ! आमच्यात माहेरी गेलेल्या मुलीला न्यायला सासरहून माणूस यावं लागतं. त्याला मूळ येणं म्हणतात. मूळ आल्याशिवाय बाप पोरीला पाठवत नाही, ती त्याच्या मानाची गोष्ट. सासूबाईंचं म्हणणं, ती स्वतःहून गेली, तर तिच्या बापाने आणून घालावं. माझे वडील म्हणाले, पोर काही रस्त्यावर पडलेली नाही. तिकडून एक शब्द निघायचा, वाटेत त्याला शेपूट फुटायचं. इकडून एक जायचा, तो तिथे पोचेपर्यंत शिवी झालेला असायचा. "तिला नांदायचंच नाही." "त्याला ती पांढऱ्या पायाची वाटते." हे कुणी म्हटलं? मी म्हटलं नव्हतं. त्यांनी म्हटलं होतं का, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं. दोन घरांची अब्रू पणाला लागली आणि ज्यांचं लग्न, ज्यांचं लेकरू, त्या दोघांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कापूस घरात आला तेव्हा कळलं, की तिकडे दुसरी मुलगी पाहिली आहे आणि फारकत मागताहेत. आमच्या जातीत फारकत व्हायची. पंच जमायचे, दोन्ही घरचे समोरासमोर बसायचे, गवताची एक काडी मोडायची, की लग्न मोडलं. बाईने आत बसायचं. काडी दारापर्यंत आणायची, तिने हात लावायचा, झालं.

पंच आमच्या अंगणात बसले. सासरकडून सासरे, चुलतसासरे आणि घरधनी आले होते. मी दाराआड. भाऊ काडी घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "हात लाव फक्त." माझ्या अंगाची लाहीलाही झाली. वाटलं, हात लावायचा? फक्त? मी उंबऱ्याबाहेर आले. वडील ओरडले, "आत जा!" मी गेले नाही. म्हटलं, "त्यास्ले बोलू द्या. त्यांना मी नको असेन तर त्यांनी आपल्या तोंडाने सांगावं, मी या क्षणी काडी मोडते. नणंदेने सांगितलेलं, चुलत्याने सांगितलेलं मी ऐकणार नाही."

सगळे घरधन्यांकडे पाहत होते. ते मान खाली घालून बसले. चुलतसासरे तडकले, "बाईमाणूस पंचात बोलतं म्हणजे काय!" वडिलांचं तोंड लाल झालं. माझी आई आतून पदर ओढत होती.

पंचांत लोणखेड्याचे एक म्हातारे होते, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. ते फिस्सकन हसले. म्हणाले, "काडी कोठे पयी चालनी? पळून जात नाही ती, आज आहे, उद्याही आहे. पोरगं बोलत नाही आणि पोरगी बोलल्याशिवाय राहत नाही, तर आधी बोलणं होऊ दे." मग दोन्ही घरांना त्यांनी सुनावलं. त्यांच्या खळ्यावर मिरची वाळत पडली होती, देठ खुडायला माणसं हवी होती. ही दोघं त्यांच्या घरी येतील, मिरची संपेपर्यंत राहतील. सोबत आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, नणंद नाही. "तिसरं तोंड नको," आप्पा म्हणाले. "मिरची संपली की यांनी सांगितलं तर मी स्वतः काडी मोडतो."

वडिलांच्या मनात नव्हतं. पण पंचाचा शब्द कसा मोडणार? मला तर रागच आला होता त्या म्हाताऱ्याचा. मला एक शब्द हवा होता, हो किंवा नाही, आणि हे मला मिरच्या खुडायला नेत होते! तरी मी गेले. म्हटलं, त्यांच्या तोंडून काढल्याशिवाय मी काही परत येत नाही. प्रकाशाच्या घाटावरून नावेने तापी ओलांडली. नावेच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते.

आप्पांच्या घरी त्यांची बायको होती. तिला सगळे जिजी म्हणायचे. ठेंगणी, काळी, तोंडाने फटकळ. ती मला घेऊन खळ्याच्या एका कडेला बसायची, आप्पा घरधन्यांना घेऊन विहिरीकडे मोट हाकायला जायचे. मिरची खुडायला बसलं, की हात पेटतात, नाक गळतं, डोळ्यांना पाण्याची धार लागते. कोण कशासाठी रडतंय हे कुणाला कळायचं नाही. माझ्यासाठी ते बरंच झालं.

जिजी मला काही विचारेना. गप्प खुडत बसायची. किती वेळ गप्प बसणार? मीच बोलायला लागले, आणि एकदा लागले ते थांबेचना. सासू, नणंद, मूळ, भाऊ, वडील, सगळं ओकले. ती फक्त म्हणायची, "मंग?" मी पुढे बोलायचे. पुन्हा, "मंग?" इतक्या दिवसांत सगळ्यांनी माझी कीव केली होती, मला शहाणपण शिकवलं होतं, माझ्या वतीने भांडलेही होते. पण माझं सबंध बोलणं मध्ये न तोडता कुणी ऐकलं नव्हतं. ऐकून घेतल्याने माणूस हलकं होतं, हे मला त्या खळ्यावर कळलं. घरधनी शेजारी नसतानाही माझं अर्धं दुखणं तिथेच उतरलं.

पण जिजी नुसती मान डोलावणारी नव्हती. मी म्हटलं, "त्यांना पोराची मायाच नव्हती." तिने हातातली मिरची खाली ठेवली. "हाई तू देखं, का तुले वाटनं?" मी म्हटलं, पाहिलं, डोळ्यांनी पाहिलं. "काय पाहिलंस?" "त्यांनी पाठ फिरवली ते." "पाठ पाहिलीस. माया नव्हती ते कुठे पाहिलंस?" मला असा संताप आला! म्हटलं, ही बाई त्यांच्या बाजूची आहे. दुपारभर मी तिच्याशी बोलले नाही. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्रत्येक गोष्टीला मी तो लावून पाहू लागले. सासूबाई मला अपशकुनी म्हणाल्या, हे मी ऐकलं की मला कुणी सांगितलं? दुसरी मुलगी त्यांनी पाहिली, की त्यांच्या चुलत्याने? सांगितलेलं आणि वाटलेलं बाजूला काढलं, तर माझ्याजवळ खरं पाहिलेलं एवढंसं उरत होतं. ती फिरलेली पाठ मात्र उरलीच. तिच्याबद्दलचा माझा राग खरा होता, मी आजही तेच म्हणेन.

आप्पा विहिरीवर काय करत होते ते मला पुढे घरधन्यांनी सांगितलं. तेही तेच करत होते, फक्त त्यांना जास्त वेळ लागला. बाई बोलून मोकळी होते. आमच्याकडच्या पुरुषाला बैलाशी बोलता येतं, माणसाशी नाही.

मग एके दिवशी जेवणं झाल्यावर आम्हा दोघांना खळ्यावर समोरासमोर बसवलं. आप्पा-जिजी जवळच मिरची खुडत बसले, अर्धी पाठ आमच्याकडे करून. जिजी मला म्हणाली, "पदर वर कर वं. तोंड दिसनं नही तं बोलनं काय समजी?" लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण भर उजेडात, दुसऱ्यांच्या देखत मी त्यांच्याकडे तोंड वर करून पाहिलं नव्हतं. ते वाळले होते. गालफडं बसली होती.

आप्पांनी नियम सांगितला. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. बोलणं संपलं, की ऐकणाऱ्याने काय ऐकलं ते आपल्या तोंडाने परत सांगायचं. बोलणारा 'हो, असंच' म्हणाला, तरच आपली पाळी. चुकलं तर पुन्हा ऐकायचं. एवढाच नियम. मला वाटलं, हा पोरखेळ आहे. करून पाहा म्हणजे कळेल. मीही त्या दिवशी दोनदा चुकले. त्यांनी म्हटलं, "तू निघून गेलीस." मी परत सांगितलं, "मी तुम्हाला टाकून गेले असं तुम्ही म्हणता." ते म्हणाले, "नाही. मी म्हटलं, तू गेलीस." मी चिडले, तेही चिडले. ते उठले, "मले काही सांगानं नही," म्हणाले आणि विहिरीकडे निघून गेले. पुन्हा तीच पाठ! मी ओरडले, "मग काडी मोडा एकदाची!" आप्पा शांतपणे खुडत म्हणाले, "नवा गोऱ्हा आहे, पहिल्याच दिवशी नांगराला कसा लागेल?" त्यावर जिजी फिस्कारली, "तुम्हले कोनी इचारं? तुम्ही माझ्याशी नीट बोलायला किती वर्षं घेतली ते सांगू का?" आप्पा गुपचूप मिरचीत डोकं घालून बसले. मला त्या रागातही हसू आलं.

पुढे मी हेच केलं. माझ्या ओट्यावर कितीतरी जोडपी बसली, आणि जोडीदार येत नाही म्हणून एकट्या आलेल्या बायकाही बसल्या. एकीचा नवरा शेवटपर्यंत आला नाही. तरी तिला स्वतःच्या मनातलं नीट सांगता यायला लागलं आणि ती घरात ताठ मानेने राहायला लागली. एका जोडप्याने सगळं बोलून झाल्यावर वेगळं व्हायचं ठरवलं, आणि न भांडता दोघं वेगळी झाली. तेही मला वाईट वाटलं नाही. मिटलंच पाहिजे असं नसतं, पण बोलायचं राहून मोडलं असं होऊ नये. या कामात शहाणपण फार लागत नाही, दम लागतो. आणि आपलं तोंड आवरावं लागतं, ते मला सगळ्यात जड गेलं.

तर पुढची बैठक. मिरचीचा ढीग सरत आला होता. मी मनाशी ठरवलं होतं, आज सगळं नाव घेऊन बोलायचं. मी बोलले. पोर तापलं तिथून सुरुवात केली. डोळे कसे फिरले, मी कशी दारात आले, कसं दोन्ही हातांनी त्याला पुढे धरलं, काय म्हटलं, त्यांनी कुणाकडे पाहिलं आणि कशी पाठ फिरवली. "मी तिथे एकटी उरले," मी म्हटलं. "त्याचं दुखणं एकटीने पाहिलं. तुम्ही घेतलं असतं तर तो वाचला असता असं नाही. पण मी एकटी उरले."

आता त्यांनी परत सांगायचं होतं. ते खाली पाहत होते. हातात एक मिरची होती, तिचा चुरा झाला तरी त्यांना कळलं नाही. मग म्हणाले, "पोराचे डोळे फिरले. तू दारात आलीस. तू त्याला माझ्याकडे धरलंस. मी बापाकडे पाहिलं. पाठ फिरवली. तू एकटी उरलीस." एवढं बोलायला त्यांना केवढा वेळ लागला! एकही शब्द त्यांनी गाळला नाही, एकही बदलला नाही. मला म्हणायचं होतं, "हो, असंच." मी नुसती मान हलवली.

मग त्यांची पाळी. ते अहिराणीतच बोलले. इतकी वर्षं झाली, एक अक्षर मी विसरले नाही.

"मी त्याले एकच डाव उचलं," ते म्हणाले.

मला कळेना. एकदाच? कधी उचललं? कुठे?

"पुराले लई गऊ, तव्हय." पुरायला घेऊन गेलो, तेव्हा. मग हळूहळू सगळं आलं. वैद्याला घेऊन ते आले तेव्हा ओट्यावर पोर फडक्यात बांधलेलं होतं. रिवाज असा, की बापाने हातावर घेऊन जायचं. जिवंत असताना उचलायला ज्यांची आडकाठी होती, त्यांनीच ते पोर घरधन्यांच्या हातात दिलं. "लोके म्हनेत, आठे दे, वाट लांबनी शे. मी दिधा नही." दुसऱ्या कुणाच्या हाती न देता वाटभर ते त्याला छातीशी धरून चालले. त्याचं ओझं किती, त्याचं डोकं कोपराच्या खळग्यात कसं बसतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. खड्ड्यात ठेवायची वेळ आली तेव्हा हात उघडेनात. चुलत्याने बोटं सोडवली. घरी आले तर मी भिंतीकडे तोंड करून बसलेली. कुणाला सांगणार? बापाला? बहिणीला? मग मी गेले. विहिरीवर ते मुद्दाम उभे होते, मी एकदा पाहीन म्हणून.

आता मला परत सांगायचं होतं. नियम तो नियम. आप्पा-जिजींचे हात थांबले होते. जिजी हळूच म्हणाली, "सांग वं, माय. त्यांनी सांगितलं, तू सांग." मी म्हटलं, "तुम्ही त्याला एकदाच उचललं." एवढं म्हटलं आणि मी ढसाढसा रडले. मिरचीचं निमित्त सांगायची सोय नव्हती. पण रडत रडत सगळं सांगितलं: वाट, कोपराचा खळगा, न उघडणारे हात, विहीर. ते प्रत्येक वाक्याला 'हां' म्हणत होते. त्यांचेही डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी आम्हाला वेगवेगळं विचारलं, आता काय ते सांगा. घरधन्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "माझ्या मनातला काटा निघाला. पण त्या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. त्याला कुठे ठेवलं ती जागा मला त्यांनी दाखवावी. सगळ्यांदेखत, गावातून नेऊन. तेवढं त्यांना झेपलं तर मी नांदेन. नाही झेपलं तर वाईट वाटून घेणार नाही, पण काडी मोडेन." आप्पा माझ्याकडे पाहतच राहिले. बाई तिथे जात नाही, हे त्यांना काय मी सांगायला हवं होतं? म्हणाले, "अवघड मागतेस, पोरी." मी म्हटलं, "हो."

आप्पांनी त्यांची गाडी दिली. आम्ही दोघंच निघालो. घरधनी मला नेतील की घराशी आल्यावर बैल आपोआप थांबतील आणि हेही थांबतील, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. गाव आलं. दुपारची वेळ, ओट्यावर सासरे, शेजारी चार म्हातारे. आम्हाला दोघांना एका गाडीत पाहून सगळे उठून उभे राहिले. बैल घर ओळखतात, ते थांबले. घरधन्यांनी कासरा ओढला आणि बैलांना पुढे हाकललं.

"कोठे चालना रे?" सासरे ओरडले.

घरधन्यांनी नदीच्या दिशेने हात केला.

"बाया तठे जातस का रे? येडा झाला का तू?"

माझा पदर नाकापर्यंत होता. त्याखालून मला त्यांचे कासरा धरलेले हात दिसत होते. बापाकडे तोंड वळवून ते सरळ बोलले, आयुष्यात पहिल्यांदा. "त्यानी माय शे ती," ते म्हणाले. त्याची आई आहे ती. आणि गाडी हाकली.

तापीच्या काठाला गावापासून दूर एक टेकाड आहे, तिथे पुराचं पाणी चढत नाही. गाडी खाली सोडून आम्ही चढलो. ते पुढे, मी मागे. एका लिंबाजवळ ते थांबले आणि बाजूला झाले. लहानशी जागा होती. वर दगड रचलेले, आणि कोल्ह्या-तरसांनी उकरू नये म्हणून दगडांवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. असं सगळेच करतात, पुरायच्या दिवशी एकदा. ते काटे महिन्याभरात वाळून वाऱ्याने उडून जातात.

मी खाली बसले आणि पाहिलं. तळाला काळ्या पडलेल्या, मोडक्या काट्या होत्या. त्यांच्यावर करड्या. त्यांच्यावर पिवळट. आणि सगळ्यात वरच्या फांद्या हिरव्या होत्या, त्यांची पानंही अजून गळली नव्हती. भादव्यापासून माघापर्यंत हा माणूस कुणाला न सांगता इथे येत होता आणि आपल्या लेकराला पांघरूण घालत होता. मी माहेरी बसून त्याला धोंडा म्हणत होते, तेव्हाही. मी डोक्यावरचा पदर खाली टाकला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते आपले हात पाहत होते, हातभर काट्यांचे ओरखडे.

"पुढच्या खेपेला काट्या मी तोडते," मी म्हटलं.

"आपन दोन्हीजन तोडसूत," ते म्हणाले.

मग आम्ही घरी गेलो.